सुतकातला धवला

छायानं भावकीतून आलेल्या डब्यातला भात ताटलीत काढला, त्यावर आमटी ओतली आणि ताटली सासूबाईंपुढे सरकवली. तेवढ्यात वरच्या आळीतून सासूबाईंचाच आवाज आला. गाणं सुरू झालं होतं.

विमलबाई भिंतीला पाठ लावून बसल्या होत्या, ओठ घट्ट मिटून. मालोजींना जाऊन आज तिसरा दिवस. सकाळीच अस्थी सावडून झाल्या होत्या, आणि नवरा गेल्यापासून विमलबाई हो-नाहीपलीकडे काही बोलल्या नव्हत्या. आणि तिकडे जयाच्या अंगणात, तिच्या लेकीच्या लग्नाच्या मांडवात, स्पीकरच्या पेटीतून, त्या मोकळ्या गळ्यानं देवांना हळदीचं आवतण देत होत्या. गावदेवीला दिलं, वेशीवरच्या देवाला दिलं, मग नवरीच्या गेलेल्या आज्या-पणज्यांकडे वळल्या. कडव्याकडव्याला नवरीचं नाव जिथल्या तिथे बसत होतं. हर्षला.

ओटीवर चटईवर बसलेल्या जितेशनं आत डोकावून आईकडे पाहिलं, मग बायकोकडे.

"आज हळद हाय त्यांची?"

"आजच."

"एक दिस बंद ठेवला असता स्पीकर, तर काय बिघडलं असतं?"

छायाला वाटलं, जयाचा तरी काय दोष काढायचा? ती भावकीतली नव्हे, तिला सुतक लागत नाही. लग्नाची तारीख ठरलेली, हॉल ठरलेला. मयताला तिच्या घरचे पुरुष येऊन गेले होते. गावात दुःख झालंय म्हणून तिनं नाचगाणं रद्द केलं होतं, बँडवाल्याला नको म्हणून कळवलं होतं. ठेवला तो फक्त धवला, देवांना बोलावणारं लग्नगाणं. त्याच्याशिवाय आगरी घरात हळद लागत नाही.

भटजी येतात, मंत्र म्हणतात, ते आपल्या जागी ठीक आहे. पण देवांना मांडवात बोलवायचं ते धवला म्हणणाऱ्या धवलारणीनं, गाऊन. विमलबाईंच्या हाकेनं चौक गावापासून कर्जतपर्यंत कितीतरी मांडवांत देव येऊन बसले होते. लग्न लागलं म्हणून विमलबाईंची सुटका होत नसे. सासरी गेलेली पोर आजारी पडली, तिच्या घरात काही उलटसुलट झालं, की पोरीची आई तडक विमलबाईंच्या दारात. तुमीच देव बोलावले व्हते, काय चुकलं ते बघा. विमलबाई कधी वाद घालत नसत. पिशवीत एक लुगडं टाकायच्या आणि त्या पोरीच्या उशाशी जाऊन बसायच्या, बरं वाटेपर्यंत.

दोन वर्षांपूर्वी मुंबईहून दोन गोड बोलणारी माणसं आली. लोककलेचं जतन करायचंय म्हणाली. विमलबाईंच्या मागे धवला शिकायला गावातली एकही पोर तयार नव्हती, त्यामुळे त्या हरखून गेल्या. शिळफाट्याच्या एका गाळ्यातल्या स्टुडिओत बसून त्यांनी पोटात होतं नव्हतं तेवढं सगळं गाऊन दिलं. त्या माणसांनी गाण्यांखेरीज शेकडो मुलींची नावं म्हणवून घेतली, गावांची नावं, बाराखडीसुद्धा. शेवटी शाल घातली, नारळ दिला, एका कागदावर सही घेतली. पुढच्या लगीनसराईत 'मांडवसूर' नावाचं ॲप आलं. नवरानवरीची नावं टाका, गाव टाका, कुळदैवत टाका, की धवला तयार. पहिल्यांदा तो ऐकला तेव्हा विमलबाई हसल्या होत्या.

"बघ गं छाया, मला न इचारता मी लग्नाला चाल्लेय."

पुढच्या खेपेला त्या हसल्या नाहीत.

दावा लावायचं छायानं मनावर घेतलं. मोहोपाड्याच्या कारखान्यात ती ऑफिसात कामाला होती, कागदांना आणि साहेबांना भ्यायचे तिचे दिवस सरले होते. कर्जतच्या पेठेत तीन पिढ्या वकिली करणाऱ्या घरातले अनुपम वकील तिला भले भेटले. त्यांनी समजावून सांगितलं, "गाणी परंपरेची आहेत, त्यांवर कोणाचीच मालकी नाही. पण ती ज्यानं गायली, त्याच्या गाण्यावर त्याचा हक्क असतो. बाईंनी आवाज जतनासाठी दिला, विकायला दिला नाही. आपलं म्हणणं एवढंच आहे." कंपनीनं त्यावर लांबलचक उत्तर धाडलं. त्याचा अर्थ एवढाच, की हा आवाज कोणा एका बाईचा नाहीच, यंत्रानं तो अनेक आवाज ऐकून घडवलाय, कुणाशी जुळला तर तो योगायोग.

म्हणजे सगळं येऊन अडलं ते आवाज कुणाचा यावर. आवाज विमलबाईंचाच, अशा जबानीवर सह्या मागत छाया घरोघर फिरली. ज्या बायकांच्या अंगाला विमलबाईंच्या गाण्यावर हळद लागली होती, त्यांनीच कानांवर हात ठेवले. सारखा वाटतो खरा, पण कोर्टात कसं सांगायचं बाई? गावातली सगळ्यांत जुनी म्हातारी अंबाबाई म्हणाली, "माझं कान गेलं गं आता." जया म्हणाली, आमच्या ह्यांना विचारून सांगते. तिचे हे अजून काही बोललेले नव्हते. शेवटी वकिलांची भिस्त राहिली ती एकट्या विमलबाईंवर. पुढच्या महिन्यात अलिबागच्या कोर्टात त्या स्वतः उभ्या राहून सांगणार होत्या, हा आवाज माझा.

मधेच मालोजी अंथरुणाला खिळले. जया रीतीप्रमाणे सुपारी घेऊन आली होती, धवल्याला याल ना काकू, म्हणून. विमलबाई नवऱ्याच्या खाटेजवळून हलायला तयार नव्हत्या. मग जयानं ती कामगिरी साउंडवाल्या गजावर सोपवली, आणि गजाच्या मोबाइलात मांडवसूर होतंच.

गाणं एकाएकी थांबलं. कडवं पुरंही झालं नव्हतं. छायाला बरं वाटलं. चला, कुणाला तरी जनाची नाही तर मनाची वाटली म्हणायची. ती उठली आणि विमलबाईंना पाण्याचा तांब्या भरून दिला. वरून बायकांचा गलका ऐकू येत होता. मग तोही बसला, आणि लग्नघर असून आळीत चिडीचूप झालं.

थोड्या वेळानं जया आली. अजून उजेड होता. कोपरापर्यंत हळदीनं पिवळे झालेले हात, डोक्यावरचा पदर सुटलेला. लग्नघरातलं माणूस सुतकाच्या घरात पाऊल टाकत नाही, म्हणून ती अंगणाबाहेर शेवग्याखाली थांबली आणि तिथून हाक मारली.

"छाया! ए छाया! भाईर ये गं जरा."

छाया ओटीच्या पायरीवर येऊन उभी राहिली. "काय झालं?"

"हळद कांडायला घाना भरत व्हतो. अंबाबाई एकाएकी उठली. म्हनते, ही तर इमल गाते. मी म्हनलं, मावशे, मशीन हाय ते. तर म्हनते, मला नको शिकवू, माझ्या पोरींना हिनंच हळद लावलीय, हिचा आवाज मी झोपेत वळखीन. हिच्या घरात मयत झालंय, आन् सुतकातल्या बाईनं तुझ्या पोरीचं देव बोलावलं." जयाचा श्वास पुरेना. "सगळ्या बायांनी मुसळ सोडलं गं. आता एक बी हात लावीत नाय."

छायाच्या मस्तकात तिडीक गेली. वर्षभर ती ज्या एका वाक्यासाठी उंबरे झिजवत होती, ते आज भरमांडवात, न मागता, सगळ्या गावानं म्हटलं होतं.

"म्हंजे अंबाबाईचं कान परत आलं," ती म्हणाली.

जयानं मान खाली घातली. तिला ते लागलं, हे छायाला दिसलं, आणि लागलं म्हणून बरं वाटलं.

"नवऱ्याकडची मानसं हळद घेऊन आलीत. त्याची आत्या म्हनते, असल्या हळदीचं लगीन आमाला नको. एकदा मोडलंय गं हर्षलाचं, तुला ठावं हाय. आता मोडलं तर तिला कोन करील?"

"त्यांना सांग, गानं दोन वर्षांमागचं हाय. तवा कुठलं सुतक?"

"सांगितलं. तर म्हनतात, हर्षलाचं नाव कसं आलं मग त्यात? तवा ठरलं व्हतं का तिचं?"

"मशीननं घातलं नाव. मशीनला सुतक नसतं."

"गजानं बी तेच सांगितलं. त्या म्हनतात, मशीन-बिशीन राहू दे, आवाज कुनाचा तेवढं सांग." जया एक पाऊल पुढे आली, मग भानावर येऊन पुन्हा शेवग्याखाली गेली. "काकूंनी सांगितलं, की ह्यो आवाज माझा नाय, तर मिटंल सगळं. त्यांच्या शब्दाफुडं कोन जानार नाय. त्या मांडवात येऊ शकत नायत, म्हनून मी मोबाइल आनलाय. इथूनच घेते."

तेव्हा कुठे छायाला जयाच्या हातातला मोबाइल दिसला. त्यालाही हळद लागली होती.

"जया, फुडल्या महिन्यात कोर्टात तारीख हाय. आय तिथं सांगनार हाय, आवाज माझाच म्हनून. आन् आज तू तिच्याकडून उलटं वदवून घेतेस? हे एक दाखवलं की आमचं संपलं."

"मी कुनाला दाखवनार नाय, शप्पथ."

"मांडवात दाखवनार ना? मांडवात कुनाच्या हातात मोबाइल नाय ते सांग."

जया मोबाइलला लागलेली हळद पदरानं पुसत राहिली. जितेश चटईवरून म्हणाला, "छाया सांगते ते बरोबर हाय, जया. आमाला नको घालू ह्यात."

छायानं तिथूनच अनुपम वकिलांना फोन लावला. त्यांनी सगळं मधे न बोलता ऐकून घेतलं.

"छायाताई, एक अक्षर बोलू देऊ नका त्यांना," ते म्हणाले. "उलट मांडवात आता जे घडलं, ते आपल्या बाजूचं आहे. एवढ्या बायकांनी एका क्षणात आवाज ओळखला. त्यांतल्या चार जणींनी जरी हे कोर्टात सांगितलं, तरी आपण जिंकल्यात जमा आहोत. तुम्ही फक्त बाईंना गप्प ठेवा. तब्येत बरी नाही म्हणून सांगा, काहीही सांगा."

छायानं फोन ठेवला आणि वळली. विमलबाई दारात उभ्या होत्या. तीन दिवसांत त्या पहिल्यांदाच आपणहून उठल्या होत्या. चौकटीला धरून त्यांनी जयाकडे पाहिलं.

"कुठवर आलेलं गानं?"

"हर्षलाच्या आज्या-पंज्या बोलावून झाल्या, काकू. फुडं..."

"म्हंजे देव बसलं मांडवात."

"हो."

"आलेल्या देवांना परत धाडायचं गानं नाय आपल्यात," विमलबाई म्हणाल्या. "लगीन लागल्याबिगर ते उठत नाय."

"आय, मशीनच्या हाकेला देव येतात का?" छाया म्हणाली. "तुमीच सांगा."

"मला नाय ठावं. पोर तर मांडवात बसलीय ना?"

त्या हळूहळू पुढे आल्या. छाया त्यांच्या आडवी उभी राहिली. असं ती आजवर कधी उभी राहिली नव्हती.

"तुमी नाय म्हनलात तर आवाज कायमचा त्यांचा झाला. तुमच्या मागं बी ते तुमच्या आवाजात लग्नं लावतील. कुनाची बी, कशी बी. आपून कोन इचारनार?"

"छाया," जितेश म्हणाला.

"बोलू द्या मला. वर्षभर मी सह्या मागत फिरले. ह्या जयानं दिली का सही? अंबाबाईनं दिली? आज त्यांच्या अंगाशी आलं, तर आवाज तुमचा. आन् फोन धरला, की आवाज तुमचा नाय."

विमलबाईंनी तिचा हात धरला. त्यांचा हात गार पडला होता.

"तू म्हनतेस ते खोटं नाय," त्या म्हणाल्या. "पन आवाज माझा म्हनलं, तर त्याचं बरंवाईट बी माझं. उद्या त्या पोरीला साधी ठेच लागली, तरी म्हनतील, इमलनं सुतकात गायलं. जलमभर ऐकंल ती. त्या कंपनीचं कोन येनार हाय का गं तिच्या उशाशी बसायला?"

याचं उत्तर वकिलांकडेही नसणार, हे छायाला कळत होतं, आणि म्हणूनच तिचा संताप अनावर झाला. तरी आडवी उभी होती ती बाजूला सरली.

"धर गं फोन," विमलबाई जयाला म्हणाल्या.

जयानं मोबाइल वर धरला. "पुरं नाव घेऊन बोला काकू. आत्याबाई म्हनाल्या, नाव पायजे."

विमलबाई थांबल्या. उखाण्याशिवाय नवऱ्याचं नाव त्यांनी कधी घेतलं नव्हतं. दुसऱ्यांच्या मांडवांत शेकडो पुरुषांची नावं त्यांनी गाण्यात गुंफली, पण या घरात ते नाव उच्चारायची वेळ त्यांच्यावर आली नव्हती. जितेशनं मान फिरवली.

"मी विमल मालोजी भोईर," त्या म्हणाल्या. 'मालोजी'पाशी आवाज चिरकला, पण त्यांनी तो सावरला. "मयत झाल्यापासून मी घर सोडलं नाय, तोंड उघडलं नाय. मांडवात गाते ती मी नव्हं. त्यो आवाज माझा नाय. हर्षलाची हळद चोख हाय. लावा."

जयानं मोबाइल छातीशी धरला. पाया पडायला ती अंगणात येऊ शकत नव्हती, म्हणून तिथंच शेवग्याखाली वाकून तिनं मातीला हात लावला आणि कपाळाला नेला. पिवळ्या कपाळावर माती चिकटली.

"काकू, तुमचं उपकार..."

"जा, मानसं खोळंबली असतील."

जया गेली, जवळजवळ धावतच. छाया पायरीवर बसून राहिली. तिला जयाचा राग आला, अंबाबाईचा आला, त्या गोड बोलणाऱ्या माणसांचा तर किती येऊन गेला होता. पण त्या घडीला सगळ्यांत जास्त राग आला तो सासूचा. तिच्या हातात असतं तर तिनं हर्षलाचं लग्न मोडू दिलं असतं. खुशाल मोडू दिलं असतं. हे मनात आलं तेव्हा तिला त्याची लाजही वाटली नाही.

मोबाइल वाजला. गावाच्या ग्रुपवर व्हिडिओ आला होता. कोणी पाठवला ते बघण्यात अर्थ नव्हता. खाली कुणीतरी लिहिलं होतं, 'काकूंनी स्वतः सांगितलं आहे, आवाज त्यांचा नाही. कोणी अफवा पसरवू नये.' त्याखाली जोडलेल्या हातांच्या चित्रांची रांग लागली. गजानं पसंतीचा अंगठा दिला होता, आणि मग एक ओळ टाकली होती, की हा व्हिडिओ त्यानं मांडवसूरच्या ऑफिसलाही पाठवलाय, म्हणजे पुढच्या लग्नांना असा घोळ व्हायला नको. त्यात त्याचा काही डाव नव्हता. धंद्याच्या दृष्टीनं त्याला ते बरं वाटलं, एवढंच.

अनुपम वकिलांचा फोन येऊ लागला. छायानं तो वाजू दिला.

मग वरच्या आळीत पुन्हा गाणं लागलं. गजानं ते पहिल्यापासून लावलं होतं. गावदेवीला परत आवतण गेलं, वेशीवरच्या देवाला गेलं, आज्या-पणज्या पुन्हा एकदा नावानिशी बोलावल्या गेल्या. मुसळांचे ठोके सुरू झाले, बायकांच्या बांगड्या वाजू लागल्या. कुणीतरी मोठ्यानं हसलं. अंबाबाईच असावी.

विमलबाई आत गेल्या नाहीत. ओटीच्या कडेला लेकाजवळ बसल्या, पदर सारखा केला आणि मांडवाकडे कान देऊन ऐकू लागल्या. मधेच त्यांनी एकदा डोळे मिटले. गाणं कडव्यामागून कडवं पुढे चाललं होतं.

"कोन गाते गं ती?" त्यांनी विचारलं.

छायानं वळून पाहिलं. विमलबाईंच्या चेहऱ्यावर रडू नव्हतं, थट्टाही नव्हती. त्या खरंच उत्तराची वाट बघत होत्या. जितेश चटईची काडी उपसत राहिला.

"इथली वाटत नाय," विमलबाई म्हणाल्या.

"नाय, आय," छाया म्हणाली. "भाईरची हाय कुनीतरी."

विमलबाईंनी मान हलवली आणि ऐकत राहिल्या.